कीबोर्डातले खण

माझं लग्न टायपिंगवर जमलं असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. पण ते खरं आहे. डोंबिवलीला आमच्या घरी बघण्याचा कार्यक्रम झाला तेव्हा मुलगा पोह्यांच्या बशीत मान घालून बसला होता आणि प्रश्न त्याचे थोरले भाऊ विचारत होते. स्वयंपाकाचं त्यांनी विचारलं नाही, गाण्याचंही नाही. "मराठी टायपिंगच्या परीक्षा दिल्यास का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "तीसची आणि चाळीसची, दोन्ही." त्यावर त्यांनी मान हलवली आणि दुसरा लाडू उचलला. आईने तिथेच ओळखलं की जमलं.

हे थोरले दीर म्हणजे आमचे दादा. नवऱ्यापेक्षा बरेच मोठे, आणि सासरे गेल्यापासून घराचे कर्ते. नव्वदच्या आगेमागे मी त्या घरात आले, तेही डोंबिवलीतच. नवरा एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्टची नोकरी करायचा आणि दादा ठाण्याला नौपाड्यात सासऱ्यांनी काढलेला छापखाना चालवायचे. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, सोसायट्यांचे अहवाल, दिवाळीच्या सुमारास एखादा अंक. कॉम्प्युटर घ्यायचं त्यांच्या मनात होतं आणि तो चालवायला घरचंच माणूस हवं होतं. म्हणून मी.

मला त्याचं काही वाईट वाटलं नव्हतं, उलट मी खूश होते. माझ्या मैत्रिणींना सासरी पोळ्या लाटायच्या होत्या आणि मी रोज सकाळी पर्स घेऊन ठाण्याला जाणार होते.

छापखाना म्हणजे एक लांबट गाळा. पुढे काउंटर, मध्ये छपाईचं मशीन, आणि मागे भिंतीशी उतरत्या ठेवलेल्या लाकडी केस. केस म्हणजे बारीक खणांचा मोठा ट्रे. एकेका खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. जुळारी तिच्यापुढे उभा राहतो. डाव्या हातात लोखंडी पट्टी धरतो, तिला स्टिक म्हणतात, आणि उजव्या हाताने खणांतून खिळे उचलून त्या पट्टीत ओळ लावत जातो. कुठल्या खणात कुठलं अक्षर हे कुठेही लिहिलेलं नसतं. ते हाताला माहीत असतं. दादा चड्डीत होते तेव्हापासून त्या केसपुढे उभे राहिले होते. गप्पा मारता मारता, न बघता ते ओळ लावायचे.

लग्नानंतर वर्षभरात खिळे वितळवायला गेले, केस रद्दीवाल्याकडे गेल्या, आणि मागच्या भागात प्लायवूड आणि काचेची खोली उभी राहिली. आत एसी, दोन खुर्च्या, एक टेबल आणि त्यावर प्लॅस्टिकचं आवरण घातलेला कॉम्प्युटर. खोलीला खिडकी नव्हती. चपला बाहेर काढायच्या, दार लावून घ्यायचं, नाहीतर थंडावा जातो. पहिल्या दिवशी जाऊबाईंनी दिलेलं हळदकुंकू मी कीबोर्डच्या कडेला लावलं, बोटं ठेवली आणि सवयीने एक ओळ टाइप केली. पडद्यावर भलतंच काहीतरी आलं. मला वाटलं, मशीन बिघडलं, तेही माझ्या हातून, पहिल्याच दिवशी.

दादा मागे उभे होते. ते हसले. "बिघडलं नाहीये. ते तुझं टाइपरायटरचं विसर आता. इथे आपली केस आहे."

झालं असं होतं की मशीन विकणाऱ्या माणसाने त्यांना एक छोटा प्रोग्रॅम दिला होता. तो उघडला की पडद्यावर कीबोर्डचं चित्र यायचं. कुठल्याही बटणावर जायचं, हवं ते अक्षर त्याला द्यायचं, की ते बटण पुढे तेच अक्षर उमटवणार. विकणाऱ्याच्या दृष्टीने ही एक जास्तीची सोय होती. दादांनी तीच धरली. आठवडाभर बसून त्यांनी सगळ्या केस त्या कीबोर्डात बसवल्या. केसमध्ये जे अक्षर उजव्या हाताजवळच्या मोठ्या खणात, ते कीबोर्डावर उजवीकडे मध्यावर. जे क्वचित लागतं ते डाव्या कोपऱ्यात. वरच्या केसमधलं सगळं शिफ्टखाली. मराठीत काना सगळ्यात जास्त लागतो, त्याचा खण सगळ्यात मोठा असायचा, म्हणून कीबोर्डावरची सगळ्यात मोठी पट्टी, म्हणजे स्पेसबार, त्यांनी कान्याला दिली.

मग शब्दांतली जागा सोडायची कशी? तर तेही त्यांनी सोडवलं होतं. दादांचा डावा हात आयुष्यभर स्टिक धरून होता. तो रिकामा राहिला की त्यांना सुचायचं नाही. स्टेशनजवळ व्हिडिओ गेमचं एक दुकान बंद पडत होतं, तिथून त्यांनी खेळायचा दांडा आणला. खाली ठोकळा, वर दांडा, दांड्याच्या टोकाला बटण आणि ठोकळ्यावर दुसरं. तो मशीनच्या मागे लावला आणि दुसऱ्या एका प्रोग्रॅममधून टोकाच्या बटणाला जागा सोडायचं काम दिलं आणि ठोकळ्यावरच्या बटणाला ओळ संपवायचं. डाव्या हातात दांडा, उजवा हात खणांवर. असे ते बसले की मागून बघणाऱ्याला वाटावं, मोठा माणूस विमानांची लढाई खेळतोय. आणि पडद्यावर उमटायचं: आमचे येथे श्रीकृपेकरून.

मी विचारलं, "दादा, बटणांवर अक्षरांचे स्टिकर लावूया का?"

"केसच्या खणांवर कधी लिहिलेलं असतं का?" ते म्हणाले. "हाताला शिकव."

शिकवलं. दादा मागे उभे राहून सांगायचे, "ण वर, डावीकडचा खण... अगं, त्याच्या शेजारचा." पहिला महिनाभर मला रडू यायचं. चाळीसच्या परीक्षेत जिल्ह्यात नाव घ्यावं असे माझे गुण होते आणि मी 'सप्रेम नमस्कार' शोधत बसायची. पण बोटं बेइमान असतात. हळूहळू ती त्या खणांत रमली. वर्षभरात मी दादांपेक्षा जलद झाले. गिऱ्हाइकं काचेतून बघायची आणि दादा काउंटरवरून अभिमानाने सांगायचे, "आमच्या धाकट्या भावाची बायको."

ते काम मला आवडायचं नाही असं नव्हे. एखादी पत्रिका सुबक जमली की मलाही बरं वाटायचं. पण त्या खोलीत मला कोंडल्यासारखं व्हायचं. सकाळी दादांबरोबर गाडीत, ठाण्याला उतरून त्यांच्या मागे मागे नौपाड्यापर्यंत, दिवसभर काचेच्या आत, संध्याकाळी पुन्हा त्यांच्या मागे घरी. मी कुणाशी बोलले, किती वाजता जेवले, किती वेळा बाहेर गेले, हे सगळं घरी जायच्या आधी घरी माहीत असायचं. पगार असा नव्हताच. घरचं काम, त्याला पगार कसला! लागेल ते दादा देत, कधी नाही म्हणत नसत, आणि लागेल ते दरवेळी मला मागावं लागे. साधी टिकल्यांची पाकिटं घ्यायची तरी मला प्रस्तावना करावी लागायची. दादांनी कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोपं गेलं असतं, निदान भांडता आलं असतं.

स्टेशनवरून नौपाड्याला जाताना एका वळणावर पहिल्या मजल्यावर एका छोट्या दैनिकाची कचेरी होती. तिथे खाली पाटी लागली: मराठी टंकलेखक पाहिजेत, स्त्रियांना प्राधान्य. मी ती रोज वाचायची, दादांच्या मागून चालताना, मान न वळवता. पाच-सहा दिवस वाचून झाल्यावर एकदा दादा कागद आणायला मुंबईला गेले होते तेव्हा मी दुपारचा डबा तसाच ठेवला आणि तो जिना चढले.

वर एक बाई होत्या, सगळं टायपिंगचं काम बघणाऱ्या. कापलेले केस, चष्मा साखळीला. त्यांच्या हाताखाली चार-पाच मुली बसल्या होत्या. खिडक्या उघड्या, पंखे, कुणीतरी मोठ्याने हसत होतं. मला इतकं बरं वाटलं की मी कशासाठी आले तेच क्षणभर विसरले. बाईंनी एक बातमी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "टाइपरायटरचाच कीबोर्ड आहे, काही वेगळं नाही. घ्या, करा सुरू."

मी सुरू केलं आणि माझे हात माझे नव्हतेच.

डोक्याला टाइपरायटर आठवत होता. तीसची परीक्षा, चाळीसची परीक्षा, सगळं आठवत होतं. पण बोटं खणांकडे जात होती. काना हवा की अंगठा स्पेसबारवर पडायचा, त्यामुळे प्रत्येक शब्द मध्येच तुटायचा. दोन शब्दांत जागा सोडायची की डावा हात टेबलाखाली, बाजूला, हवेत दांडा शोधायचा. शेजारची मुलगी काम थांबवून माझ्या डाव्या हाताकडे बघायला लागली. मी तो मांडीवर दाबून ठेवला. पाचएक ओळींनंतर मीच थांबले.

बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात ना, इतकी वर्षं काम करताय?"

"करते. रोज करते."

"मग कुठल्या कीबोर्डावर?"

"आमच्या घरच्या."

यापेक्षा नीट मला सांगता येईना. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "असं करा, सराव करून पुन्हा या. आम्हाला मुली लागतातच."

जिना उतरताना मला जे कळलं ते मी आजवर विसरले नाही. मला वाटत होतं, मी त्या काचेच्या खोलीत अडकलेय, आणि दार उघडून एक दिवस बाहेर पडता येईल. पण ती खोली माझ्या बोटांत बसवलेली होती. जगात दोनच माणसांना येणारं टायपिंग मला येत होतं. आणि ज्या कौशल्यावर मला त्या घराने पसंत केलं होतं, ते त्या घराने काढून घेतलं होतं, तेही माझ्याच हातून, माझ्याच मेहनतीने.

राग आला. दादांचा नाही, त्यांच्यावर रागावण्यासारखं त्यांनी काय केलं होतं? स्वतःचा आला. मग मी ठरवलं, आपलं आपण परत आणायचं.

डोंबिवलीला माझी जुनी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. तिथल्या सरांनी मला ओळखलं, म्हणाले, "अगं, तू परीक्षा दिलेलीस ना? परत कशाला?" मी म्हटलं, "सर, विसरले." छापखान्याच्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मी 'देवळात जाते' म्हणून निघायची. जाऊबाई म्हणायच्या, "प्रसाद आण हो." म्हणजे देवळातही जावं लागायचं. देवाला मी उभ्या उभ्या नमस्कार करी, प्रसादाचा द्रोण पदराखाली धरी आणि इन्स्टिट्यूटच्या लोखंडी मशीनवर घाईघाईने बसे. त्या घरात मला इतकं देवभक्त कुणी कधी समजलं नव्हतं. जाऊबाई शेजारणीला सांगायच्या, "धाकटीला देवाचं फार."

बोटं परत वळायला लागली. पण दोन घरं एका हातात सुखाने नांदत नाहीत. दुसऱ्या दिवशी नौपाड्याला बसलं की पहिले दोन तास मी चुकत जायची. एका पत्रिकेत वराच्या वडिलांचं नाव असं काही झालं की दादांनी छापायला घेण्याआधी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग माझ्याकडे बघितलं. ते चप्पल काढून आत आले आणि दार लावून घेतलं.

"हात कुठे फिरतोय तुझा हल्ली?"

माझ्या मनात तेव्हा काय काय होतं! मला दुसरीकडे काम करायचंय. मला उघड्या खिडकीपाशी बसायचंय. माझा पगार माझ्या हातात यायला हवाय. जिथे मी कुणाची भावजय नाही, कुणाची बायको नाही, अशा एका खुर्चीवर दिवसातले काही तास बसायचंय. यातलं एकही वाक्य त्या घरात बोलण्यासारखं नव्हतं. दादांना ते समजलं नसतं असं नाही. पण मला ते म्हणता आलं नसतं. म्हणून मी त्यातल्या त्यात जे म्हणण्यासारखं होतं ते म्हटलं.

"दादा, या कीबोर्डाने माझं टायपिंग गेलं. टाइपरायटरवर मला आता एक ओळ येत नाही. उद्या दुसरीकडे कुठे बसायची वेळ आली तर मी काय करू?"

दादा शेजारच्या खुर्चीवर टेकले. मग म्हणाले, "दुसरीकडे बसायची वेळ कशाला येईल?" त्यांनी हे अगदी मायेने म्हटलं, धीर दिल्यासारखं. आणि ते उठून गेले.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो सकाळच्या शिफ्टचा होता, डोळ्यांत झोप होती. "अगं सोड ना, कशाला टेन्शन घेतेस? दादांना सांगितलंस ना? बघतील ते." माझा नवरा वाईट माणूस नव्हता. त्याचं सगळं आयुष्य दादांनीच बघितलेलं होतं, त्यामुळे माझंही तेच बघतील यात त्याला काही खटकत नव्हतं.

मी मात्र सराव चालू ठेवला. पावसाळा गेला, गणपती झाले, नवरात्र झालं, आणि दिवाळीची कामं हातावेगळी झाल्यावर एका दुपारी मी पुन्हा तो जिना चढले. या वेळी डावा हात जागेवर राहिला. अंगठ्याने स्पेसबार दाबला आणि खरोखरच जागा सुटली. त्या मोकळ्या जागेकडे बघून मला हसू फुटलं. बाईंनी पडदा वाचला, वर बघितलं आणि म्हणाल्या, "काय केलंत हो एवढं? या पहिल्या तारखेपासून."

म्हणजे हातात पंधराएक दिवस होते. घरी सांगायचं होतं. मी वाक्य पाठ करत होते: दादा, तुमच्याकडे माझं टायपिंग खराब होतंय, तिथे माझ्या पद्धतीचं काम आहे, तर मी तिथे जाते. हे चालण्यासारखं होतं. यात कुणाचा अपमान नव्हता, कुणाला सोडून जाणं नव्हतं. दोष सगळा कीबोर्डाचा होता. रविवारी सांगायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात जुनं मशीन बसलं. दुरुस्तीवाला म्हणाला, यात आता जीव नाही. दादांनी नवीन घेतलं, नव्या सिस्टीमचं, रंगीत पडद्याचं. जुना प्रोग्रॅम त्यावर चालेना. खेळाचा दांडा लावायला मागे जागाच नव्हती. मशीन जोडून माणूस निघून गेला आणि दादा खुर्चीत बसले, उजवा हात उचलला, आणि तसाच धरून राहिले. मग एक बटण दाबलं. भलतंच अक्षर आलं. दुसरं दाबलं. मग हात मांडीवर ठेवला.

मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, ज्याचं सगळं येणं त्या हातात होतं, आणि हाताखालची जमीन कुणीतरी काढून घेतलेली. मला दैनिकाच्या कचेरीतली माझी पहिली दुपार आठवली. ते मला बघवेना.

"दादा, उठा," मी म्हटलं. "मी बसवते."

नव्या सिस्टीममध्येही तशी सोय होती, फक्त वेगळ्या तऱ्हेने. मी बसले आणि ते मागे उभे राहिले, पूर्वी मला शिकवायला राहायचे तसे. पण आता तेही कशाचीच खात्री देऊ शकत नव्हते. "ळ कुठे होता?" मी विचारलं तर म्हणाले, "थांब." डोळे मिटले, हवेत हात पुढे केला, जणू समोर केस आहे, आणि दोन बोटांनी न दिसणारा खिळा उचलला. "इथे." मी ते बटण शोधून ळ दिला. असे आम्ही तीन दिवस बसलो. काही खण मला जास्त नीट आठवत होते, काही त्यांना. कधी आमचे हात एकाच वेळी एकाच बटणाकडे जायचे. खरं सांगायचं तर त्या खोलीतले माझे ते सगळ्यात चांगले दिवस होते. आणि प्रत्येक अक्षर बसवताना मला हेही कळत होतं की जी खोली मी इतक्या कष्टाने बोटांतून काढली, तीच पुन्हा उभी करतेय, आणि या वेळी खिळे माझ्या हातचे आहेत.

दांड्याचं काय करायचं? नव्या माउसला तीन बटणं होती. तो मी कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवला, त्याच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन मधल्या बटणाला जागा सोडायला लावलं आणि उजव्याला ओळ संपवायला. दादांनी डावा तळवा त्यावर टेकवला, जरा हलवून बघितला. "जरा बुटका आहे," म्हणाले, "पण चालेल." मग त्यांनी एक ओळ लावली. न चुकता. ती वाचून त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

मला वाटलं, हीच वेळ आहे. आता बोलावं. मी तोंड उघडलं.

"थांब," दादा म्हणाले. "अजून एक राहिलंय. तो जोडायला आलेला माणूस म्हणत होता, यात दोन कीबोर्ड बसतात. वरचं एक बटण दाबलं की एक, पुन्हा दाबलं की दुसरा. खरं का?"

"हो. बसतात."

"मग दुसरा तुझा बसव. टाइपरायटरचा. तू म्हणाली होतीस ना, माझं टायपिंग गेलं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी तेव्हा काही बोललो नाही, पण मनाला लागलं होतं माझ्या. आपल्या घरात येऊन पोरीचं नुकसान व्हावं हे बरं नाही. घे, तुझं तुला परत. आता तुला कुठे जायला नको."

त्यांना काही माहीत होतं का, हे मला कधीच कळलं नाही. ठाणं काही एवढं मोठं नव्हतं, कुणी सांगितलंही असेल. पण त्यांचा चेहरा मी नीट बघितला. त्यात डाव नव्हता. फक्त समाधान होतं, एखाद्याची मोडलेली वस्तू दुरुस्त करून परत देताना असतं तसं.

मी बसवला. त्याला अर्धा तासही लागला नाही, टाइपरायटरचा कीबोर्ड तयारच होता, फक्त निवडायचा होता. बटण दाबलं, दादांची केस गेली आणि माझा कीबोर्ड आला. पुन्हा दाबलं, केस परत. दादांनी लहान मुलासारखं ते चार वेळा करून बघितलं. मला म्हणाले, "बघ बरं, येतं का?" मी टाइप केलं. आलं. एकही चूक नव्हती. इन्स्टिट्यूटमध्ये देवाला फसवून मिळवलेलं सगळं त्या ओळीत होतं.

"अरे वा," दादा म्हणाले. "गेलेलं कुठे? हे तर आहेच."

आणि माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. पाठ केलेल्या वाक्यात दोष कीबोर्डाचा होता आणि कीबोर्डाचा दोष दादांनी स्वतः दूर केला होता. आता जायचं तर खरं कारण सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायची ताकद माझ्यात नव्हती. मनातल्या मनात मी रडले, ओरडले, आणि तोंडाने म्हटलं, "हो दादा. बरं झालं."

घरी जाऊबाईंनी शिरा केला, नव्या मशीनचा. नवरा जेवताना म्हणाला, "बघ, दादांनी किती मनावर घेतलं. मी म्हटलेलं ना?" मी त्याला अजून थोडा शिरा वाढला.

पहिल्या तारखेला सकाळी मी नवी साडी नेसले. का नेसले ते मला सांगता येणार नाही. ठाण्याला उतरलो. दादा पुढे, मी मागे, दोघांच्या मध्ये नेहमीएवढं अंतर. ते वळण आलं. वरच्या मजल्याच्या खिडक्या उघड्या होत्या. आतले पंखे फिरताना दिसत होते, आणि खिडकीपाशी एक रिकामी खुर्ची होती. कुणाची होती मला माहीत नाही. माझे पाय जरा मंदावले. जिन्याचं दार माझ्यापासून हाताच्या अंतरावर होतं. कुणी मला धरलेलं नव्हतं.

दादा पुढे जाऊन थांबले आणि मागे वळून बघितलं.

"काय गं, दमलीस?"

"नाही दादा," मी म्हटलं. "आले."